सात लाल खुणा

मी ईमेलच्या वर्गात नाव घातलं, ते आमच्या ह्यांच्या फोटोंमुळे.

खरं तर फोटो नव्हतेच. एका सकाळी ह्यांच्या नावाने झाडून साऱ्या नातेवाइकांना मेल गेली : ‘माझे नवे फोटो पाहा, थक्क व्हाल!’ खाली निळ्या अक्षरांत लिंक. ती ह्यांनी पाठवली नव्हती. हे त्या वेळी मोरीचा तुंबलेला पाइप मोकळा करत होते. पण ज्या माणसाने अख्खी नोकरी लोकांच्या पाण्याचे मीटर वाचण्यात काढली, त्याने निवृत्त झाल्यावर असं काय केलं असेल की आपण थक्क व्हावं, या उत्सुकतेपोटी सगळ्यांनी लिंक दाबली आणि सगळ्यांचे कॉम्प्युटर एकदम आजारी पडले.

वन्संचा, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

“अगं, दोन तास पडद्यावर नुसतं चाक फिरतंय. फोटो आहेत तरी कसले?”

“फोटो नाहीत हो वन्सं. कुणीतरी ह्यांच्या नावाने खोटी मेल पाठवली.”

“याच्या नावाने? याच्या नावाने पाठवून कुणाला काय मिळणार आहे?”

(हे शेजारीच उभे होते. आपल्या नावाचा गैरवापर झाला याचं दुःख होतंच. आपलं नाव गैरवापराच्याही लायकीचं नाही, हे आणखी एक दुःख झालं.)

त्याच संध्याकाळी मी ठरवलं, हे प्रकरण आपण शिकून घ्यायचं. कारण खोटी पत्रं पकडणं हा माझा विषय आहे. बढाई म्हणून सांगत नाही. एका शाळेच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं बसते आहे. मुलं गैरहजर राहिली की घरून आईची चिठ्ठी आणतात आणि ती माझ्या टेबलावर येते. त्यातल्या निम्म्या मुलांनी स्वतःच लिहिलेल्या असतात. मी नुसत्या नजरेने ओळखते. खोटी चिठ्ठी फार नीटनेटकी असते. तिच्यात ‘आदरणीय’ असतं, ‘कृपया’ असतं, ‘आपली नम्र’ असतं. खरी आई घाईत लिहिते. तिच्या चिठ्ठीला तारीख नसते, सही असलीच तर अर्धी असते आणि कोपऱ्यात तेलाचा डाग असतो. (एवढी एक गोष्ट मी जर ध्यानात ठेवली असती तर पुढचं काही घडलं नसतं.)

वर्ग वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. शिकवणारे सर टपालखात्यातून निवृत्त झालेले. बोलता बोलता एका मुठीने दुसऱ्या तळहातावर शिक्का मारायची त्यांना सवय होती.

“पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहील. मी उद्या ‘महाराज’ म्हणून लिहीन. म्हणून नावावर जाऊ नका, शिक्का बघा. पत्र निघालं कुठल्या टपालघरातून?” धप्प! “मेलचंही तेच. प्रत्येक संस्थेने जगाला सांगून ठेवायचं असतं की आमच्या नावाची पत्रं फक्त या या दारातून निघतील आणि त्यांच्यावर आमची मोहोर असेल. पत्र पोचवणारी यंत्रणा ती यादी बघते, मोहोर बघते. जुळलं तर पत्र आत. नाही जुळलं तर वर पिवळी पट्टी, ‘पाठवणाऱ्याची खात्री पटलेली नाही’. किंवा सरळ स्पॅमच्या डब्यात.” धप्प!

“आणि एवढं करूनही शंका राहिली तर?” मी विचारलं. (मी पहिल्या बाकावर बसायची.)

“तर फोन उचला आणि विचारा, तुम्हीच लिहिलंत का. माणसाच्या आवाजाइतका पक्का शिक्का नाही.”

हे मी वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक मेलच्या तळाशी आपोआप उमटेल अशी एक ओळ घालून घेतली : ‘हे पत्र मीच लिहिले आहे. शंका असल्यास घरच्या फोनवर खात्री करून घ्यावी.’ पुढे नंबर. सरांनी सगळ्या वर्गासमोर माझं कौतुक केलं. सरावासाठी मी ह्यांना आतल्या खोलीतून मला मेल करायला सांगायची. हे लिहायचे, ‘चहा मिळेल का?’ मग मी आत जाऊन विचारायची, “तुम्हीच लिहिलंत का?” “हो.” “नक्की?” चहा पाऊण तासाने मिळायचा, पण योग्य माणसाला मिळायचा.

आता लेकीचं सांगते. आमची लेक दुसऱ्या शहरात नोकरी करते. तिने तिथे एक मुलगा पसंत केला होता. तो घरी येऊन गेला; आम्हाला आवडला. ह्यांच्याबरोबर अर्धा तास पाण्याच्या मीटरवर बोलला, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी. राहिली होती त्याची आई. त्याला वडील नाहीत. आईने एकटीने वाढवलेला.

“त्या ‘हो’ म्हणाल्याशिवाय तो पुढे पाऊल टाकणार नाही,” लेक म्हणाली. “आणि माझंही तेच. त्यांना नको असेल तर मला त्या घरात जायचं नाही. त्या कळवतील तुला कधी येतात ते. आई, एवढंच कर, त्यांच्याशी नीट वाग.”

“मी कधी कुणाशी वाईट वागले?”

लेक म्हणाली, “ठेवते.”

मी आपली फोनची वाट बघत राहिले. नवे कपसुद्धा आणून ठेवले. फोन काही आला नाही. बुधवारी सकाळी, शाळेत जायच्या आधी, मेल मात्र आली. वर पिवळी पट्टी. पाठवणाऱ्याच्या जागी नाव होतं ‘आई’. मजकूर असा :

‘प्रिय बाई रविवारी चारला येतो आज संध्याकाळच्या आत कळवा उशीर नको तुमची एक जुनी वस्तू आमच्या ताब्यात आहे काळजी नसावी फोटो जोडला आहे उघडून पाहा घाईत आहे’

माझ्या अंगावर काटा आला आणि (खोटं कशाला सांगू) आनंदही झाला. वर्गात शिकलेलं सगळं एकाच मेलमध्ये! पत्त्यात कुठल्याशा दुरुस्तीच्या दुकानाचं नाव. आणि कळस म्हणजे तीच मेल लेकीलाही गेलेली. म्हणजे या टोळीने माझ्या पोरीचा पत्तासुद्धा मिळवला होता! फोटो अर्थातच मी उघडला नाही. मी बसले आणि मेलवर लाल अक्षरांत सात खुणा केल्या. ‘आई’वर पहिली : ‘माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. होती तेव्हा तिने साधं कार्ड कधी लिहिलं नाही.’ ‘प्रिय बाई’पुढे लिहिलं, ‘नाव ठाऊक नाही आणि म्हणे प्रिय.’ ‘ताब्यात’खाली, ‘ही गुंडांची भाषा.’ ‘घाईत आहे’वर, ‘चोराला घाई असणारच.’ सातवी खूण पिवळ्या पट्टीवर : ‘तुमच्या दुकानाने आपल्या दारांची यादीच दिलेली नाही, मोहोर नाही, अशी पत्रं कुणाला पोचणार?’ आणि खाली शेरा : ‘लेखन गचाळ. विरामचिन्हांचा पत्ता नाही. लिहिणाऱ्याच्या घरी शिकवणारं कुणी नसावं. दहापैकी दोन.’

हे सगळ्या नातेवाइकांना नमुना म्हणून पाठवायचं होतं. त्यांचे पत्ते घातले. सगळ्यांना पाठवायचं होतं, म्हणून ‘सर्वांना’ असं लिहिलेलं बटण दाबलं. ते बटण मूळ पाठवणाऱ्यालाही धरून सर्वांना असतं, हा धडा पुढच्या मंगळवारी होता.

शाळेत पोचते तोवर वन्संचं उत्तर आलं : ‘दोन तरी कशाला दिलेस?’ मी खूश. आणि अकराच्या सुमारास लेकीचा फोन.

“आई, तू आज सकाळी एक मेल पाठवलीस?”

“मिळाली ना? कशी वाटली? वन्सं तर म्हणाल्या...”

“त्या त्याच्या आई आहेत.”

“कोण?”

“ज्यांना तू दहापैकी दोन दिलेस त्या.”

माझ्यासमोर एक मुलगा चिठ्ठी घेऊन उभा होता. मी ती न वाचताच तिच्यावर शिक्का मारला. (नंतर कळलं, खोटी होती. एकोणीस वर्षांत तेवढी एकच सुटली.)

“अगं, पण नाव नुसतं ‘आई’...”

“दुकानाच्या कॉम्प्युटरवर त्याने त्यांचं खातं काढून दिलं. नावाच्या जागी ‘आई’ लिहिलं. तो त्यांना दुसरं काय म्हणणार?”

“आणि दुकान कसलं?”

“शिलाई मशिन दुरुस्तीचं. त्यांचं स्वतःचं. आणि ती ‘वस्तू’ म्हणजे आजीचं मशिन. माळ्यावर जाम होऊन पडलेलं. मी गेल्या सुट्टीत बाबांच्या मदतीने नेलं होतं, तुला नीट करून द्यायचं म्हणून. त्या तीन रविवार त्यावर बसल्या होत्या, आई. फोटो त्याचाच होता.”

माझ्या आईचं मशिन. त्यावर तिने माझे सगळे फ्रॉक शिवले होते.

“काय म्हणाल्या गं त्या?”

“काहीच नाही. तो सांगतो, त्यांनी मेल दोनदा वाचली, छापून घेतली आणि कुणाला तरी फोन करायला आत गेल्या. दुसरी मुलगी बघायला सांगितलं असेल. आता मला काही बोलू नकोस. जमलं तर निस्तर.”

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. हे ऐकता ऐकता पांढरे पडले, म्हणाले, “दुकानवाल्या बाई? हं... हं,” आणि तडक मोरीत जाऊन चांगला चालणारा पाइप उघडून बसले. माणसं दुःख अशीही व्यक्त करतात, असं मी समजले.

दोन दिवस मी माफीचं पत्र लिहीत होते. ‘आदरणीय’ लिहिलं, ते खोटं वाटलं. ‘कृपया’ लिहिलं, ते तर पोटदुखीच्या चिठ्ठीसारखं वाटलं. मला खऱ्या भावनेने लिहिताच येत नव्हतं, कारण मला घाई नव्हती. नुसती भीती होती. शेवटी शुक्रवारी त्यांचीच मेल आली.

‘बाई ती मेल तुम्ही लिहिली असेल असं मला वाटत नाही कुणीतरी तुमच्या नावाने खोडी केली असणार रविवारी चारला येतो’

(या वेळी वर पिवळी पट्टी नव्हती. माझ्या ते लक्षात आलं, पण मी असल्या गोष्टी बघण्याच्या अवस्थेत नव्हते.)

लेक फोनवर जवळजवळ ओरडलीच. “आई, सुटलीस! आता गप्प राहायचं. कुणीतरी तुझ्या नावाने पाठवली. बस्स!”

“पण मीच...”

“आई!”

“बरं.”

रविवारी चारला बेल वाजली. दारात लेक, मुलगा आणि त्यांच्यापुढे एक ठेंगणी, भरदार बाई. आईचं मशिन त्यांनी स्वतः उचलून जिने चढून आणलं होतं. मुलाला हात लावू दिला नव्हता. बोटांच्या पेरांत तेल मुरलेलं. मशिन टेबलावर ठेवून त्यांनी पर्समधून एक चिंधी काढली आणि हँडल फिरवलं. तो आवाज मी तीस वर्षांनी ऐकला. मी चहा टाकायला आत पळाले.

चहा छान झाला. बोलणं छान झालं. ह्यांनी मात्र उगीचच विषय काढला.

“काय हो दिवस आलेत! कुणीही उठतो आणि कुणाच्याही नावाने मेल पाठवतो! अशा लोकांना...”

“बघा ना,” बाई म्हणाल्या. “मी तर ती छापून आणली आहे.” त्यांनी पर्समधून घडी काढून माझ्यासमोर पसरली. सात लाल खुणा. “तुम्ही शाळेत चिठ्ठ्या तपासता म्हणे. नजरेने ओळखता. मग सांगा बरं, ही खरी की खोटी?”

लेकीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. ह्यांना ठसका लागला. मी कागदाकडे बघत होते. एकोणीस वर्षं मी मुलांना टेबलासमोर उभं करून एवढंच विचारत आले आहे, ‘खरं सांग, कुणी लिहिलं?’ आणि ती पोरं अशीच खाली बघत उभी राहतात. पायाचा दाब वाढला.

“खरी आहे,” मी म्हणाले. “मीच लिहिली. शेवटच्या अक्षरापर्यंत माझी आहे. चूक माझी. शिक्षा पोरीला करू नका.”

लेकीने डोळे मिटून घेतले.

“ठाऊक आहे मला,” बाई म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

“ठाऊक आहे?”

“खाली लिहिलं होतं ना, शंका असल्यास फोनवर खात्री करून घ्यावी. मग घेतली. बुधवारीच.”

आम्ही सगळ्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे बशीकडे बघत होते.

“नुसतं ‘दुकानातून बोलतेय’ म्हणाल्या. मला वाटलं,” हे म्हणाले, “तुझ्या वर्गातल्या कुणी बाई आहेत. गृहपाठ म्हणून विचारतायत. म्हणून मी आपलं खणखणीत सांगितलं.”

“काय सांगितलंत?”

“म्हणाले,” बाईंनीच सांगितलं, “शंकाच नको, असं आमच्या घरात दुसरं कुणी लिहू शकत नाही. मी स्वतः अठ्ठावीस वर्षं दहापैकी दोनवरच आहे.”

मुलगा पहिल्यांदा हसला. मग लेक. मग हे, पण जरा जपून.

“मग तुम्ही ते ‘खोडी केली असणार’ असं का लिहिलंत?” मी विचारलं.

“मशिन वरून कितीही चकचकीत असलं, तरी दोन टाके घालून बघितल्याशिवाय आतलं कळत नाही. तुम्ही ‘हो, खोडीच’ म्हणाला असतात तर मी चहा पिऊन गप्प उठून गेले असते.” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “आणि ही सातवी खूण. रागाने का होईना, मी दुकानाची वेबसाइट बघणाऱ्या माणसाला फोन करून विचारलं, ही यादी न् मोहोर काय भानगड आहे? तो म्हणाला, राहूनच गेली! बाई, दोन वर्षं आमची ‘मशिन तयार आहे, घेऊन जा’ अशी पत्रं लोकांच्या स्पॅममध्ये पडत होती. माझ्या दुकानात सदतीस मशिनं धूळ खात होती. मी लोकांना नावं ठेवत बसले होते, कशी माणसं आहेत, वस्तू टाकून विसरतात! शुक्रवारी सगळ्यांना पुन्हा पाठवली. काल दुकानात उभं राहायला जागा नव्हती.”

“आई,” लेक हळूच म्हणाली, “खरी आई चिठ्ठी कशी लिहिते, काय म्हणायचीस तू?”

मी तो कागद पुन्हा बघितला. तारीख नाही. सही नाही. सगळं घाईत. आणि उजव्या कोपऱ्यात मशिनच्या तेलाचा मोठा डाग.

मी पर्समधून लाल पेन काढलं (ते असतंच) आणि ‘दोन’ खोडून ‘दहा’ केले.

“विरामचिन्हांचा एक कापा,” त्या म्हणाल्या. “खोटं नको.”

मी नऊ केले. मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “विहीणबाई, आता तारीख काढा.”

तारीख ठरली. त्याच आठवड्यात मी सगळ्या नातेवाइकांना स्वतः मेल लिहिली, भरल्या मनाने आणि या वेळी खरोखरच घाईत : मुलीचं लग्न ठरलं, दोघांचा फोटो जोडला आहे, लवकर कळवा, विहीणबाईंना मी फार आवडले. आठ दिवस कुणाचंही उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी वन्संनी माझीच मेल मला परत पाठवली, आणि सर्वांना. वर सात लाल खुणा.

‘घाई आहे,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘फोटो उघडायला सांगितला आहे, सही नाही. तरी मी विश्वास ठेवणार होते. पण शेवटी लिहिलं आहे की विहीणबाईंना ही फार आवडली. तिथे पकडलं. मेल खोटी आहे. कुणीही उघडू नये.’